पोकळी भरते तेव्हा

(आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. मग पेशींविषयी बोलायचा मला काय अधिकार? तो मला एका बाईने दिला. पिशवीतून रिपोर्ट काढून ती म्हणाली, "ताई, ह्यात 'हर-टू तीन प्लस' लिहिलंय. म्हणजे तिसरी स्टेज ना? मग आता पैसे कशाला घालवायचे?" तीन आठवडे ती दवाखान्यात गेलीच नव्हती. सासू म्हणत होती, दूध लवकर तोडलंस म्हणून झालं. तिला स्वतःला घोर होता तो मुलीचा. तिच्या हातात कागद दिला गेला, पण पाच मिनिटं बसवून कुणी काही सांगितलं नाही. आणि खरं सांगते, मलाही तेव्हा सांगता आलं नाही. म्हणून वाचायला बसले.

आपल्या स्तनात द्राक्षाच्या घडासारखी रचना असते. प्रत्येक मणी आतून पोकळ. पोकळीला लागून दूध तयार करणाऱ्या पेशी, त्यांच्याबाहेर दूध पुढे ढकलणाऱ्या पेशी, आणि सगळ्यांभोवती एक पातळ पडदा.

ही पोकळी होते कशी, हे ज्या पेशींवर पुष्कळसं कळलं, त्या अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या एका ३६ वर्षांच्या बाईच्या. तिला कर्करोग नव्हता, गाठाळ स्तनांचा त्रास होता. १९८४ साली घेतलेल्या त्या पेशी आज जगभर वाढवल्या जातात, विकल्या जातात. शास्त्रीय लेखांत तिचं वय असतं, नाव नसतं.

ह्या पेशी सपाट बशीत नुसत्या पसरतात. मऊ जेलीत ठेवल्या, तर एकेका पेशीपासून गोळा होतो. कडेच्या पेशी जेलीला टेकलेल्या असतात, त्यांना बाहेरून 'जगत राहा' असा संदेश मिळत राहतो. मधल्या पेशींना तो मिळत नाही, आणि त्या आपणहून मरतात. दोन-तीन आठवड्यांत मधे पोकळी तयार! मरणंही शरीराच्या कामाचं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

हार्वर्डमध्ये जोन ब्रुगे ह्या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने २००२ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: पोकळी भरते कधी? पेशींना नुसता 'वाढा' हा संदेश दिला, तर जादा पेशी मधे येऊन मरतात, पोकळी राहते. नुसतं मरण अडवलं, तर पोकळी उशिरा होते, पण होते. दोन्ही एकदम केलं, की मात्र ती भरते. हर-टू नावाचं, पेशीवर बसलेलं संदेश घेणारं प्रथिन अति झालं, की ही दोन्ही कामं एकटं करतं. दुधाच्या नळ्या पेशींनी भरल्या, पण पडदा ओलांडलेला नाही, अशी अवस्था रुग्णांतही दिसते. पडदा ओलांडला, की रोग पसरू शकतो.

तेहरानला जन्मलेल्या मीना बिसेल ह्यांच्या गटाने बर्कलीत १९९७ साली उलटी बाजू दाखवली. कर्करोगाच्या पेशींना परिसराकडून मिळणारा एक संदेश अडवला, तर जनुकांतले बिघाड तसेच असूनही पेशी पुन्हा शिस्तीत गोलाकार बसल्या. हे बशीतलं झालं हं! ह्याच्या नावावर काढा विकणारा भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तर 'तीन प्लस' म्हणजे स्टेज नव्हे. गाठीतल्या पेशींवर हर-टू फार आहे, एवढाच त्याचा अर्थ. 'दोन प्लस' आलं, तर आणखी एक तपासणी लागते. हर-टूची ही वाढ गाठीच्या पेशींतच घडते, आईकडून मुलीकडे येत नाही. दूध कधी तोडलं, ह्यावरून एखादीच्या गाठीचं कारण सांगता येत नाही. आणि ह्या प्रकारावर नेमकं औषध आहे, ट्रास्टुझुमॅब. अमेरिकेत ते १९९८ साली मंजूर झालं. त्याआधी, १९९४ मध्ये, मंजुरीपूर्वीच ते आजारी बायकांना मिळावं म्हणून कार्यकर्त्यांनी कंपनीच्या आवारात शिरून निदर्शनं केली होती. आपल्याकडे २०१४ पासून देशात बनलेलं पर्यायी औषध मिळू लागलं, किंमत उतरली. तरी मोलकरणीच्या पगारात ते आजही बसत नाही.

मी हे पाटीवर गोल काढून तिला सांगितलं. ती बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पोरीला माझ्यामुळे नाही ना?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो.

आता तुम्ही आणलेले रिपोर्ट बाहेर काढा. आधी हर-टूची ओळ शोधू.