गाव कळलं, घर कुठलं?

कर्ज, हप्ते, शेळीपालन हे आपले नेहमीचे विषय. आज आम्ही जरा लांबचं बोलणार आहोत, थेट आकाशातलं. पण त्याचा एक धागा आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडद गावापर्यंत येतो.

गॅमा किरण म्हणजे प्रकाशाचाच सगळ्यात जोरकस प्रकार. दवाखान्यातल्या एक्स-रेपेक्षाही ताकदीचा. आपल्या डोक्यावरची हवा आकाशातून येणारे हे किरण अडवते, म्हणून ते टिपायला नासानं २००८ साली ‘फर्मी’ ही दुर्बीण अवकाशात सोडली. २०२० साली छापलेल्या तिच्या यादीत ५,०६४ ठिकाणं आहेत. त्यांतल्या १,३३६ ठिकाणांपुढचा रकाना तेव्हा रिकामाच होता. किरण येतात, पण कुणाकडून ते ठाऊक नाही.

असं का? समजा, टपाल आलं आणि पाकिटावर फक्त गावाचं नाव आहे, घराचं नाही. फर्मी तेवढंच सांगते. त्या ‘गावात’ तारे आणि दीर्घिका मिळून ढीगभर ठिपके असतात. मग शोध सुरू होतो.

पहिलं काम रेडिओ दुर्बिणीचं. काही दीर्घिकांच्या पोटात कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर असतं. त्याच्याजवळून कणांचा झोत सुटतो आणि तो नेमका आपल्याकडे रोखलेला असेल, तर दीर्घिका गॅमा किरणांत झळकते. तिला ‘ब्लेझार’ म्हणतात. ती रेडिओ लहरीही सोडते, म्हणून ढिगातून संशयित घरं वेगळी काढता येतात.

दुसरं, वेळ जुळवणं. गॅमा किरण वाढले, त्याच दिवसांत एखाद्या ठिपक्याचा उजेडही वाढला, तर घर जवळजवळ सापडलंच.

तिसरं, प्रकाशाची फोड. त्यातल्या रेषा तांबड्या रंगाकडे किती सरकल्या, यावरून दीर्घिका किती दूर ते कळतं. पुष्कळ ब्लेझारमध्ये रेषा दिसतच नाहीत. मग अंतर अंदाजानं भरत नाहीत, रकाना मोकळाच ठेवतात.

खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ‘जीएमआरटी’ दुर्बीण आहे. तिनं केलेला आकाशाचा रेडिओ नकाशा अशा शोधांत वापरला गेला आहे. गंमत अशी, की प्रत्येक पाकीट दीर्घिकेचंच निघत नाही. डॉ. भास्वती भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दुर्बिणीनं अशा एका निनावी जागी गरगर फिरणारा स्पंदक तारा शोधला. ते २०१३ साली छापून आलं.

एवढा खटाटोप कशासाठी? या रिकाम्या रकान्यांत आजवर कुणी न पाहिलेलं काही दडलेलं असू शकतं. पण ओळखीच्या दीर्घिका आणि तारे आधी बाजूला काढल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. घाईनं चुकीचं नाव लिहिलं, तर खरी नवी गोष्ट त्याखाली झाकली जाईल. आपल्या गटाच्या वहीतही पावती नसलेली रक्कम आपण कुणाच्या नावावर टाकत नाही. तसंच हे.

खोडदच्या दुर्बिणीला सैल वीजतारेच्या ठिणगीचाही अडथळा होतो, इतक्या क्षीण लहरी ती ऐकते. त्या भागातल्या मैत्रिणींनो, तार ठिणग्या टाकताना दिसली तर वायरमनला जरूर कळवा. तुमचं शिवार तर वाचेलच, त्या दुर्बिणीलाही नीट ऐकू येईल.