काळ्या रेघा आणि दुकानाची शिल्लक
(ज्ञातिमेळाव्यातील व्याख्यान, क्रांती चौक)



आमचे आयुष्य मुलांना बेरजा शिकविण्यात गेले. दुकानाच्या गादीवर आम्ही कधी बसलो नाही. तरीही मंडळाने हा विषय आम्हांकडे सोपविला, कारण क्रांती चौक, पैठण गेट, गुलमंडी या भागांत दुकाने असलेल्या आपल्या घरांतून सध्या एकच वाद ऐकू येतो. मुलगा म्हणतो, बारकोडचे यंत्र घेऊ. वडील म्हणतात, माल डोळ्यांपुढे आहे, यंत्र कशाला?

प्रथम या रेघांत काय असते ते पाहू. पुड्यावरील नेहमीच्या रेघांत किंमत नसते, मुदतीची तारीखही नसते. असतो केवळ एक आकडा, बहुधा १३ अंकी. भारतात नोंदलेल्या कंपन्यांचे आकडे ८९० ने सुरू होतात. त्यावरून माल येथेच तयार झाला असे मात्र समजू नये. शेवटचा अंक पडताळ्याचा. ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घ्या. डावीकडून विषम स्थानांची बेरीज २८. सम स्थानांची ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढील दहाच्या पटीस जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक, येथे शून्य. एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर हिशेब जुळत नाही व यंत्र आकडा नाकारते. चौथीच्या मुलास जमावे असे हे गणित आहे!

किंमत दुकानदाराने संगणकात भरावयाची. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, दंतमंजन, केशतेल यांवरील कर उतरला, तेव्हा एकाच आकड्याचा जुन्या व नव्या छापील किमतीचा माल शेजारी शेजारी होता. अशा वेळी पुडा डोळ्यांनीच पाहावा लागतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात २६ जून १९७४ रोजी च्युइंगगमचा पुडा प्रथम अशा रेघांवरून विकला गेला. तेव्हापासून लोकांचे लक्ष बिलाच्या वेगाकडेच आहे. आमच्या मते वेग ही गौण गोष्ट होय. आलेला माल न नोंदता विकलेला तेवढा वजा करीत गेले, तर शिल्लक शून्याखाली जाते आणि यंत्रास बोल लागतो. याहून वाईट म्हणजे, महिनाअखेर डझनभर साबण कमी भरले की पहिला संशय कामावरील माणसावर जातो. गरिबाच्या अब्रूचा हा प्रश्न आहे. आवक, विक्री, फुटतूट, परत धाडलेला माल, सर्वांची नोंद असेल तरच तूट कोठे पडली ते शोधता येते. घरात चहाबरोबर नेलेला बिस्किटाचा पुडाही यंत्रापुढून गेला पाहिजे. मालकिणीने आणि चिरंजीवांनी येथे रुसू नये.

सुट्या तूरडाळीस कंपनीच्या रेघा नसतात. वजनकाट्यास जोडलेल्या छपाईयंत्राने दुकानापुरती चिठ्ठी काढता येते. असे आकडे २ ने सुरू करण्याची पद्धत आहे. पण लहान दुकानास तेवढा खर्च कशाला? वजन करून रक्कम हाताने भरावी. उधारी कोणास किती द्यावी, हे मात्र आकडा सांगत नाही. तेथे वडिलांचाच शब्द चालावा.

सारे दुकान एकदम हाती घेऊ नये. लक्ष्मीपूजनास आपण नवी वही उघडतोच. त्याआधी साबणाची एक फळी मोजून आरंभ करावा. मोजणीस कोणास हात हवा असल्यास आम्ही सायंकाळी रिकामे असतो.