लाकडाचे तुकडे आणि आपले स्वयंपाकघर



मी सातवी शिकलेली, घर सांभाळणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. पण मंडळाने आग्रह केला, म्हणून हातून जे घडले तेवढे सांगते.

आपल्या वर्ध्याला असले काम नवे नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे येथे मगनवाडीत होते. १९३८ साली तेथेच गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. जवळचे सामान आणि आपले हात यांतून गरजेची वस्तू करावी, हे आपण तेथूनच शिकलो.

आमची पडवी एका पावसाळ्यात खचली. चौकटीचे सागवानी तुकडे सासूबाई न्हाणीच्या चुलीत घालायला निघाल्या, ते मी मागून घेतले. सुतारबुवांकडून करवत आणि कानस धरायला शिकले. दोन पट्ट्यांना मधोमध अर्ध्या जाडीची खाच पाडून त्या एकमेकींत बसवल्या, की गरम गंज ठेवायला अडणी तयार! बाभळीच्या फळकुटाचा सराटा केला, तो मात्र तीनच दिवसांत मोडला. लाकडाच्या रेषा मी आडव्या घेतल्या होत्या. दांड्याला रेषा लांबीनेच हव्यात.

पुढे लेकीचे लग्न ठरले. तिच्यासाठी गोठ्यातल्या एका रुंद फळीचा पोळपाट केला. घासून आरशासारखा गुळगुळीत झाला. सासूबाईंनी तो हातात घेतला आणि विचारले, "अगं, हिच्यावर फवारणीचे डबे असायचे ना?" माझ्या अंगावर काटाच आला. कपाशीवरचे विष लाकडात मुरलेले, ते घासून जात नाही; आणि मी त्यावर लेकीला पोळ्या लाटायला लावणार होते! तो पोळपाट चुलीतही घातला नाही, कारण धुरातही ते विष आलेच असते. तो परत गोठ्यात गेला, खुरपी ठेवायला.

तेव्हापासून लाकूड हाती आले की ते आधी कुठे होते, हे मी विचारते. रंगवलेले, तेलकट, औषधाचा वास येणारे लाकूड आणि प्लायवूड स्वयंपाकघरात नको. तयार वस्तूला घाणीचे जवसाचे तेल चोळावे आणि काही दिवस सावलीत वाळू द्यावे. तेलाची चिंधी मात्र बोळा करून टाकू नये, ती आपोआप पेट घेते. अंगणात पसरून वाळवावी. वस्तू पाण्यात भिजत ठेवू नये, आणि आपल्याकडच्या वैशाखाच्या उन्हात तर मुळीच ठेवू नये, तडकते.

लेकीला दुसरा पोळपाट दिला, पडवीच्याच चौकटीचा. तो सासूबाईंनी स्वतः निरखून पसंत केला. भगिनींनो, घरी एक तुकडा उचलून पाहा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. एवढे बोलून मी आपली रजा घेते.