पुणे नगरपालिकेतले जोतीराव

महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. तेव्हा सदस्य सरकार नेमत असे. तरी जोतीराव सरकारची री ओढणाऱ्यांतले नव्हते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला द्या, असं जोतीरावांनी सांगितलं आणि एकट्याने विरोधात मत दिलं. केवढं धैर्य हे! त्याच वर्षी शहरात दारूची दुकानं वाढू लागली, तेव्हाही त्यांनी पालिकेला पत्र लिहून हरकत घेतली. नव्या मंडईवरच्या मोठ्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. आधी शिक्षण, हाच आग्रह. आज त्या मंडईला त्यांचंच नाव आहे.