शब्द कुणाला दिला होता?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळी चहाच्या वेळी आपल्याच वर्गातल्या एकाने मला गाठलं. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, त्यांत त्याचे काका होते. त्याने सरळ विचारलं, "तू एवढी वर्षं वकिली केलीस ना? मग सांग, २०१७ च्या निकालात दोघांना फाशी झाली आणि अबू सालेमला जन्मठेप, तीही पंचवीस वर्षांची. हे कसं काय?" तेवढ्यात घंटा झाली. उत्तर आता देतो. अर्धवट उत्तर देऊन खाली बसलेलं बाईंना कधीच चाललं नाही.

सालेम २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालशी तेव्हा आपला प्रत्यार्पण करार नव्हता, तो २००७ मध्ये झाला. शिवाय जिथे फाशी होऊ शकते, तिथे तो देश आरोपी पाठवत नाही. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली: फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. त्यानंतर नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारताच्या ताब्यात आला. हमी दिली नसती, तर त्याच्यावर इथे खटलाच उभा राहिला नसता.

आणखी एक अट असते. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस सोपवला, त्यांचाच खटला चालवायचा. इथे आपण घसरलो, असं माझं मत. जास्तीची कलमं लावली आणि २०११ मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने अटी मोडल्याचा ठपका ठेवला. शेवटी २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने काही आरोप मागे घेऊ दिले. जिंकत आलेला डाव आपण स्वतःच अडचणीत आणला होता!

मग सालेमने पंचवीस वर्षांचा मुद्दा काढला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ही हमी न्यायालयाला बांधत नाही, सरकारला मात्र बांधते. मुदत संपली की सरकारने राष्ट्रपतींना तसा सल्ला द्यायचा.

मित्रा, तो शब्द सालेमला दिला नव्हता, पोर्तुगालला दिला होता. उद्या दुसऱ्या कुणासाठी आपण परदेशी न्यायालयात उभे राहू, तेव्हा तिथला न्यायाधीश पहिल्यांदा हेच प्रकरण काढून बघेल.

तुझे काका यात कुठे बसतात, हे मला सांगता येत नाही. जेवायला तुझ्याच शेजारी पान मांडायला सांगितलंय.