निकाल लागला, कब्जा कुठे आहे?

पहिल्या रांगेत बसलेल्या वकील मित्रांनो,

साहित्याच्या मांडवात कोर्टकचेरी कशाला, असं मला सुचवण्यात आलं. भावकी दुभंगल्याच्या कथा लिहायच्या आणि ती ज्या दाव्यात दुभंगली त्याचं नाव काढायचं नाही, हे सोवळं मला मान्य नाही.

देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत साडेचार कोटींहून अधिक प्रकरणं तुंबली आहेत. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: न्यायाधीश कमी आहेत. आहेतच. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७ साली सांगितलं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी पाच वर्षं दिली. आज आपण २१च्या आसपास आहोत. याबद्दल सरकारला जाब विचारा, मी तुमच्यापुढे चालेन. पण सगळं पाप सरकारच्या पदरात टाकून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. दिरंगाईत कुणाची तरी सोय असते, म्हणूनच ती टिकते.

वाटपाचा साधा दावा घ्या. जमीन ज्याच्या ताब्यात, पीक त्याचं. त्याला कसली घाई? तो समन्स चुकवतो, कैफियत लांबवतो, उलटतपासणीच्या दिवशी त्याच्या वकिलांची तब्येत बिघडते. तेवढ्यात एखादा पक्षकार वारतो, आणि वारस रेकॉर्डवर आणण्यात पुन्हा तारखा जातात. कायदा म्हणतो, कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्या. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती नकोत. न्यायालयांनी अपवादापुरती फट ठेवली. आपण तिच्यातून बैलगाडी घातली. मुदतीच्या अर्जावर निमूटपणे ‘हरकत नाही’ लिहिणारे समोरचे वकीलही त्या गाडीत बसलेले असतात. आज तुमची अडचण, उद्या माझी! आणि खर्च लावलाच, तर तो असा की त्यापेक्षा दुपारच्या जेवणाचं बिल मोठं व्हावं.

बरं, निकाल लागला. तो प्राथमिक हुकूमनामा. शेतसाऱ्याची जमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे सरस-निरस वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे. तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेख, तिथून मोजणी. कोर्टाच्या तक्त्यात दावा निकाली निघालेला असतो, आणि पक्षकार कागद घेऊन बांधाबाहेर उभा असतो.

हिंदुस्थानातल्या पक्षकाराचे हाल हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली ओळखलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आकडे आले: देशभरात ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज, प्रलंबित, आणि त्यांतल्या ३ लाख ४१ हजारांवर एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत. पुरोगामी महाराष्ट्राने इथेही पहिला नंबर सोडला नाही.

यावर मला लोकअदालतीच्या बातम्या दाखवू नका. तडजोडीला माझा विरोध नाही. पण निपटाऱ्याच्या त्या मोठ्या आकड्यात वीजबिलं, बँकांची थकबाकी आणि वाहतुकीची चलनं भरलेली असतात. त्यांतली अनेक प्रकरणं दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात कधी आलेलीच नसतात. जी ढिगात नव्हतीच, ती उपसून ढीग कसा कमी होणार?

संमेलनात ठराव करायची आपली परंपरा आहे, आणि बहुतेक ठराव दिल्लीला उद्देशून असतात. माझा ठराव याच गावाला उद्देशून आहे. पहिलं: मुदत देताना कारण आणि झोंबेल एवढा खर्च रोजनाम्यात लिहावा, आणि तो भरल्याशिवाय अर्जदाराचं पुढचं म्हणणं ऐकू नये. दुसरं: दरखास्त सहा महिन्यांत संपवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावलं आहे, तोच काच कलम ५४च्या वाटपासाठी महसूल खात्यालाही लावावा. तिसरं: ज्या दाव्यात कब्जा मागितला आहे, तो कब्जा मिळेपर्यंत निकाली निघाल्याचं कुणी मिरवू नये.

ठरावाचा सूचक मी. अनुमोदनाला मात्र मला कवी नको, वकील हवा, आणि त्याने आत्ताच उभं राहावं. विचार करायला मुदत मागितली, तर मी ती देणार नाही.