चांदीची वाटी आणि शिसपेन्सिल

मी दिल्लीत पहाडगंजला राहते. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन यांमुळे आपल्यापैकी अनेकांना हा भाग ठाऊक असेल. मी घरातली चांदीची भांडी पेन्सिलीने काढते: वाटी, करंडा, निरांजन, पळी. सगळे एकच विचारतात, काळ्या पेन्सिलीने चांदीची चकाकी येते कशी?

चकाकीची जागा कोरी सोडायची. शेजारी गडद पट्टा आला की तोच कागद लखलखतो. ॲल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यावर उजेड हळूहळू मावळतो; घासलेल्या चांदीवर तो एकदम तुटतो. म्हणून बोटाने चोळून सगळं करडं करू नका. एचबीने प्रतिबिंबांच्या कडा हलक्या आखा, मग सगळ्यांत गडद जागा ६बीने भरा. थरावर थर द्या. फार दाबलं तर ग्राफाइटच चमकायला लागतं आणि काळेपणा जातो.

आता वाटी नीट बघा. बाहेरच्या फुगीर बाजूवर खिडकी सुलटी दिसते, आतल्या खोलगट बाजूत उलटी. चांदी काढता काढता आपण घरच काढत असतो.

शिसपेन्सिल रुळण्याआधी युरोपातले चित्रकार चांदीच्या तारेनेही रेखाटत. ड्यूररने १४८४ मध्ये, तेराव्या वर्षी, स्वतःचं चित्र तसंच काढलं. ती रेघ काळानुसार तपकिरी होते, जसा आपला करंडा काळवंडतो.

सासूबाई गेल्यावर आमच्याकडे चांदीच्या सहा वाट्या होत्या आणि वाटेकरी चार. भांडण नव्हतं. मोडून पैसे वाटून घ्यायचं ठरलं. पण मोडीत वजन धरतात. सासूबाईंचं कोरलेलं नाव, मुलांनी आपटून पाडलेला पोचा कोण धरणार? मी आठ दिवस मागून घेतले आणि सहाही वाट्या काढल्या. प्रत्येकीत आमची खिडकी आहे, गल्लीतल्या विजेच्या तारा आहेत आणि मधोमध एक काळा ठिपका, म्हणजे मी.

वाट्या वितळल्या. चित्रांच्या प्रती निघाल्या. चौघांकडे आज सहाही आहेत.

दिवाळीला चांदी घासायला काढाल, तेव्हा एक भांडं खिडकीशी ठेवा. नाव आणि पोचा आधी काढून घ्या.